पणजोबांचे बिल्ले कुठे शोधायचे?

स्लाउहून एका ताईंनी विचारलं आहे: "पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, बसऱ्याकडे लढून परत आले. त्यांचे बिल्ले साताऱ्याकडच्या घरी आजीच्या ट्रंकेत असायचे. वाटण्या झाल्या, जुनं घर पाडलं आणि ट्रंक कुणाकडे गेली ते कुणी नीट सांगत नाही. धाकटे काका म्हणतात, भंगारात गेली असेल. असे बिल्ले इथे ब्रिटनमध्ये लिलावात विकले जातात असं ऐकलं. इंटरनेटवरून ते परत मिळतील का?"

ताई, आशा धरायला जागा आहे. आजीची ठुशी किंवा पाटल्या हरवल्या असत्या तर नाद सोडा असंच मी सांगितलं असतं. सोनं सराफाकडे गेलं की बहुतेक वेळा आटवलं जातं, आणि नुसत्या घडणीवरून दागिना आपलाच हे सिद्ध करणं महाकठीण. तांब्या-पितळेची भांडी मोडीत वजनावर जातात. पदकाचं मात्र वेगळं असतं. पहिल्या महायुद्धाच्या पदकावर ज्या शिपायाला ते मिळालं त्याचं नाव कोरलेलं असतं, आणि ते नाव असल्यामुळेच पदकं जमवणाऱ्यांना त्यात रस असतो. तुमच्या पणजोबांचं पदक वितळलं नसेल, तर आज ज्याच्याकडे आहे त्याने ते नाव वाचलेलं आहे, बहुधा कुठेतरी लिहिलेलंही आहे. तुम्हाला त्या लिहिण्यापर्यंत पोचायचं आहे.

आधी वस्तू ओळखून घ्या. सगळ्यात जास्त दिसतं ते चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल. व्यास ३६ मिलिमीटर, एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष आणि १९१४, १९१८ ही वर्षं. फीत मधे केशरी, कडांना पांढरे, काळे आणि निळे पट्टे. पदक आडवं धरून कड उजेडाकडे फिरवली की तिच्यावर ठोकलेली बारीक अक्षरं दिसतात: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. सोबत पंखवाल्या विजयदेवतेचं कांस्याचं व्हिक्टरी मेडल असतं, त्याची फीत इंद्रधनुष्यासारखी. १९१५ संपायच्या आत जो रणांगणावर पोचला त्याला आणखी एक कांस्याचा तारा मिळे, त्यावरचं नाव मागच्या सपाट बाजूला असतं. घरातल्या थोरल्यांना विचारताना "ब्रिटिश वॉर मेडल" म्हणू नका. "घोडेवाला बिल्ला होता का, चांदणीसारखा होता का" असं विचारा. लहानपणी हाताळलेली वस्तू माणसाला आकारावरून आठवते.

एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगून ठेवते. १९८०च्या सुमारास चांदीचे भाव भडकले तेव्हा जगभर हजारो वॉर मेडल वितळवली गेली. त्यामुळे चांदीचं पदक कायमचं गेलेलं आणि कांस्याची दोन मात्र शाबूत, असं पुष्कळदा आढळतं. शोध घेताना तिन्ही एकत्रच मिळावीत असा हट्ट धरू नका. एकेक सुटं, वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या वर्षी सापडू शकतं.

आता नावाचं बघू, कारण बहुतेकांचा शोध इथेच अडतो. तुम्ही पणजोबांचं नाव आजच्या स्पेलिंगने शोधाल आणि हाती काही लागणार नाही. त्या काळी "मराठा" हा शब्द सैन्याच्या कागदांत एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असा लिहीत. विक्रेता पदकावरची अक्षरं जशीच्या तशी उतरवतो, तेव्हा तुम्हीही तसंच लिहा. आडनावांचा तर पत्ताच नसतो. जाधवच्या शेवटी कधी व्ही, कधी ओ; पवारमध्ये ए-डब्ल्यू ऐवजी ओ-डब्ल्यू; शिंदेमधला एच गळालेला. इटलीत सेनिओ नदीवर १९४५ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या नामदेव जाधवांचं आडनावसुद्धा इंग्रजी कागदांत एकाच पद्धतीने लिहिलेलं नाही, तिथे साध्या शिपायाची काय कथा. शिवाय गावाकडे तेव्हा "अमुक बिन तमुक" असंच चालायचं, म्हणून कुणाच्या नावापुढे आडनाव, कुणाच्या पुढे बापाचं नाव, कुणाचं नुसतंच नाव. सुचतील तेवढी रूपं एका कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक रूप वेगळं शोधा.

कारकुनांची सवय कळायला एक चांगली जागा आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर युद्धात मरण पावलेल्यांच्या नोंदी विनामूल्य शोधता येतात. तुमचे पणजोबा परत आले, म्हणजे ते तिथे नसणार. पण त्यांच्या पलटणीची नावं उघडून बघा. अनेक नोंदींत बापाचं किंवा पत्नीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. तुमच्याच तालुक्यातली पाच-दहा नावं वाचलीत की आपल्याकडची नावं त्या कानांनी कशी ऐकली आणि त्या हातांनी कशी लिहिली याचा अंदाज येतो. वाचताना गलबलून येतं, हेही खरं. आपल्या शेजारच्या गावचा कुणीतरी बसऱ्याच्या यादीत भेटतो.

पलटण कोणती हे कळलं तर शोध निम्म्यावर येतो. तेव्हा मराठ्यांच्या पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा क्रमांकांच्या होत्या. १९२२ साली फेररचना होऊन त्यांची पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. घरात "पणजोबा कूतच्या वेढ्यात होते, घोडी-खेचरं खाऊन दिवस काढले" अशी आठवण सांगतात का? १९१६च्या एप्रिलअखेर आजच्या इराकमधलं कूत तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा आत १०३, ११० आणि ११७ या पलटणी होत्या. अशा एका आठवणीवरून सहाच्या तीन होतात. काकांना आणि आत्यांना फोन करा तो "ट्रंक कुणी नेली" हे विचारायला करू नका. त्या प्रश्नाने वाटणीची जुनी जखम उघडते आणि तोंडं मिटतात. पेन्शनचं बुक, सैन्यातून सुटल्याचा दाखला, फीत लावून काढलेला फोटो असं काही आहे का, एवढंच विचारा आणि त्याचा मोबाइलवर फोटो मागवा. त्यावरचा शिपाई क्रमांक मोलाचा. मात्र प्रत्येक पलटणीचे क्रमांक वेगळे सुरू होत, म्हणून क्रमांक, नाव आणि पलटण ही तिन्ही जुळल्याशिवाय "सापडलं" म्हणू नका. एका पलटणीत एकाच नावाचे चौघे असायचे.

कुठे शोधायचं? ईबेवर "महरट्टा" आणि "सेपॉय" (म्हणजे शिपाई) हे शब्द इंग्रजीत टाकून शोध जतन करून ठेवा, नवं पदक आलं की निरोप येतो. लंडनमधल्या नूनन्स आणि स्पिंक यांच्यासारख्या लिलावघरांच्या जुन्या लिलावांच्या नोंदीही संकेतस्थळावर चाळता येतात. पदक पूर्वीच विकलं गेलं असेल तर तिथे सापडेल. पदकं विकणाऱ्या लहान व्यापाऱ्यांना आणि संग्राहकांच्या गटांना दोन ओळींचा निरोप पाठवा: नाव, पलटण, क्रमांक, तुमचं नातं. मोठी भावनिक कहाणी नको. हे लोक बहुतेक करून इतिहासावर मनापासून प्रेम करणारे असतात, आणि शिपायाच्या घरचं कुणी विचारतंय म्हटल्यावर मदत करतात.

दुसऱ्या महायुद्धातल्या आजोबांची पदकं शोधणाऱ्यांनाही हेच लागू आहे. ब्रिटिश सैनिकांना ती पदकं बिननावाची मिळाली, हिंदी सैन्याची मात्र नाव घातलेली होती.

समजा सापडलं. ज्याच्याकडे आहे तो चोर आहे अशा सुरात एक शब्दही लिहू नका. तुमच्याच घरातून ते विकलं गेलं असणार, मधे पाच हात बदलले असणार. रीतसर किंमत विचारा. साध्या शिपायाच्या एकट्या पदकाला सहसा शंभर पौंडांच्या आतच भाव येतो, तेव्हा कुणी हजारांत बोलला तर थांबा. कडेचे चारही बाजूंनी स्पष्ट फोटो मागा. जुनं नाव कानशीने घासून नवं कोरलेली पदकंही बाजारात येतात. त्यांचा व्यास ३६ मिलिमीटरपेक्षा किंचित कमी भरतो आणि अक्षरं ठोकलेली नाहीत तर खरवडलेली दिसतात. आगाऊ पैसे गिफ्ट कार्डावर मागणाऱ्याला किंवा "मित्राला पाठवल्यासारखे पाठवा" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा, कारण तशा पैशांना खरेदीदाराचं संरक्षण नसतं. संग्राहक विकायला तयार नसेल तर फोटो मागा आणि विकायचं ठरलं तर आधी मला कळवा, एवढं लिहून ठेवा. अशा विनंत्यांना वर्षांनंतरही उत्तर येतं.

पदक भारतातच सापडलं, एखाद्या चुलतभावाच्या कपाटात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात, तर आनंदाच्या भरात बॅगेत घालून आणू नका. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि पहिल्या महायुद्धाच्या पदकांनी आता शंभरी ओलांडली आहे. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा. तोवर ते गावीच राहू दे, तुम्ही सुट्टीत जाऊन बघा. ब्रिटनमध्ये विकत घेतलेल्या पदकाला ही अडचण नाही.

आणि बोली लावायच्या आधी भावकीत सांगून ठेवा. तुमच्यासारखीच कुणी चुलतबहीण ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत बसून तेच नाव शोधत असेल, तर एकाच पदकावर घरातलीच दोघं चढाओढीने बोली वाढवत बसतील. बोली एकाच्याच खात्यावरून लागू दे. कुठपर्यंत जायचं, पैसे कोण किती घालणार आणि पदक कुणाच्या घरी राहणार, हे लिलावाच्या आधीच फोनवर ठरवून घ्या.