फ्लाय रॉडला रबरी मासळी लावली तर ते फ्लाय फिशिंग का?

तुम्ही विचारलंय की आठ नंबरच्या फ्लाय रॉडला दीड इंची रबरी मासळी लावून बेलापूरच्या खाडीत जिताडा लागला, तर तो फ्लायवर, म्हणजे हुकावर केस-पिसं बांधून केलेल्या हलक्या नकली आमिषावर, लागला म्हणायचा का.

मी नाही म्हणणार.

आधी फेक बघा. दोरीला दगड बांधून फेकला तर दगड दोरीला ओढून नेतो, चाबकात दोरीच टोकाला नेते. स्पिनिंगमध्ये, म्हणजे नेहमीच्या रॉड-रिळाच्या फेकीत, दहा-पंधरा ग्रॅमचा ल्युअर (जड नकली आमिष) पुढे उडतो आणि बारीक लाइन त्याच्या मागे जाते. फ्लायमध्ये वजन लाइनचं. नंबर म्हणजे लाइनच्या वजनाची श्रेणी; आठ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट साधारण १३.६ ग्रॅम भरतात, फ्लाय ग्रॅम-दोन ग्रॅमची. ती लाइन नेईल तिकडे जाते.

आता तुम्ही म्हणाल, माझी मासळीही हलकीच आहे, लाइन तिलाही नेते. बरोबर. पण मासेमारीचे जागतिक विक्रम नोंदवणाऱ्या आयजीएफए या संस्थेचा नियम नेमका इथेच आडवा येतो: फ्लाय रॉडने फेकता येतं एवढ्यावरून एखादी वस्तू फ्लाय ठरत नाही. ड्राय, वेट, निम्फ, स्ट्रीमर, पॉपर हे फ्लायचे सगळे प्रकार चालतात. वासाने मासा ओढणारं काहीही चालत नाही. बऱ्याच रबरी मासळ्यांना कोळंबी नाहीतर स्क्विडचा वास मुरवलेला असतो. पाकीट वाचा, तसं असेल तर विषयच मिटला.

खरा वादाचा मुद्दा क्लाउझर मिनो. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात बांधलेली ही फ्लाय. हरणाच्या शेपटीचे केस आणि हुकाच्या डोळ्याजवळ शिशाचे जड डोळे. पाण्यात ती डोकं खाली घालून जिगसारखीच, म्हणजे जड डोक्याच्या ल्युअरसारखीच, उड्या मारते, म्हणून काही सोवळे लोक तिला ल्युअर म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. केस दोऱ्याने हुकावर बांधलेत, फेक लाइनच्या वजनावर होते, आयजीएफएलाही ती चालते.

ब्रिटिश लेख वाचत असाल तर एक सांगून ठेवतो. तिकडच्या जलाशयांवर ट्राउटवाले ‘ल्युअर’ म्हणतात ते मोठ्या, भडक, कुठल्याच किड्यासारख्या न दिसणाऱ्या फ्लायला. म्हणजे तिथे ल्युअर हाही फ्लायचाच प्रकार, आणि आपला वाद त्यांना कळणारही नाही.

जिताड्यासाठी रबर काढून पांढरा क्लाउझर लावा. दुपारनंतर खाडीवर वारा सुटला की टोपी-चष्मा घालूनच फेका, आणि लूप, म्हणजे फेकताना हवेत पडणारा लाइनचा वळसा, जरा मोठा ठेवा. ते शिशाचे डोळे रॉडवर आदळले तर रॉडच्या कार्बनला चीर जाते.