डॉकखालचा स्नूक दोघांनी मिळून पकडायचा असतो

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: रेवदंड्याच्या खाडीत अनेक वर्षे गळाने जिताडा पकडल्यानंतर तुम्ही फ्लोरिडात टॅम्पाला आलात, एका सहकाऱ्याच्या छोट्या बोटीतून तीन वेळा घरांच्या डॉकपाशी, म्हणजे पाण्यात खांबांवर उभारलेल्या खाजगी धक्क्यांपाशी, स्नूक या माशासाठी गेलात, दोनदा मोठा मासा लागला आणि दोन्ही वेळा तो खांबांत शिरून दोरी तोडून गेला, तेव्हा दोष दोरीचा, रॉडचा की तुमच्या हाताचा? मी सोळा वर्षे सेंट पीटर्सबर्गच्या पश्चिमेला, बोका सिएगा बेच्या पाण्यात हाच मासा पकडत आलो आहे आणि माझ्या मते दोष या तिघांपैकी कोणाचाच नसावा. डॉकखालचा स्नूक दोघांनी मिळून पकडायचा असतो, आणि बोटीतल्या दुसऱ्या माणसाचे काम आधी ठरलेले नसेल तर दोरी कितीही जाड लावली तरी मासा हातचा जातो. मला हे ज्या दिवशी पुरते उमगले, तो ऑक्टोबर २०२३ मधला एक शनिवार होता. त्या दिवसाचीच हकीकत सविस्तर सांगतो, म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यात येईल.

त्याआधी एक गोष्ट. तुमचा जिताड्याचा अनुभव इथे फार उपयोगी पडणार आहे. हे दोन्ही मासे पूर्वी एकाच कुळात गणले जात. आता कुळे वेगळी केली असली तरी उतरते कपाळ, पुढे आलेला खालचा जबडा आणि आडोशाला दबा धरून बसण्याची वृत्ती पाहिली की नाते लगेच ओळखू येते. दोन्ही मासे खाऱ्या आणि गोड्या पाण्यात सारख्याच सहजतेने वावरतात, आणि दोन्ही आयुष्याच्या सुरुवातीला नर असून पुढे मादी होतात. स्नूकच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली ठसठशीत काळी रेघ मात्र जिताड्याला नाही. दुसरा फरक थंडीचा आहे. फ्लोरिडा ही स्नूकच्या वावराची जवळजवळ उत्तरेकडची हद्द असून पाणी १० ते १२ अंश सेल्सियसपर्यंत उतरले की तो मरतो. जानेवारी २०१० च्या थंडीत हे मासे इतक्या मोठ्या प्रमाणावर मेले की इथल्या मेक्सिकोच्या आखाताकडच्या किनाऱ्यावर स्नूक घरी नेण्याची बंदी थेट १ सप्टेंबर २०१३ रोजी उठली. त्या काळात हा मासा पकडून पुन्हा सोडायची सवय ज्यांना लागली, त्यांच्यापैकी मी एक आहे.

आता तो शनिवार. माझा मित्र टॅम्पातच वाढलेला, क्युबन वंशाचा आहे आणि स्नूकला तो आजही आजोबांप्रमाणे ‘रोबालो’ म्हणतो. उजाडण्यापूर्वी आम्ही बोट पाण्यात सोडली आणि समुद्री गवताच्या उथळ पट्ट्यावर, जिथे पेलिकन सूर मारत होते, तिथे आमिष धरायला गेलो. इथे त्याला ‘व्हाइटबेट’ म्हणतात. ती आपल्या तारलीच्या नात्यातली, बोटभर लांबीची चंदेरी मासळी असते. तुम्ही पाग टाकणारे आहात, तेव्हा ही कला तुम्हाला नव्याने शिकायला नको. फक्त एवढे सांभाळा की पाग बोटीत झटकून रिकामा करू नका आणि मासळी हाताने चोळू नका, कारण खवले गेलेली तारली टाकीत तासाभरात मान टाकते आणि अर्धमेल्या आमिषाकडे डॉकखालचा मोठा स्नूक ढुंकूनही पाहत नाही. दोन फेकींत आम्हाला पुरेशी मासळी मिळाली. हाव धरून टाकी गच्च भरली तर सगळीच मरते.

डॉक निवडण्यात आम्ही जितका वेळ घालवला तितका त्या दिवशी दुसऱ्या कशातच घालवला नाही, आणि तुम्हीही तसेच करावे असे मला मनापासून वाटते. अलिबाग-रेवदंड्याकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते, खाडी भरते आणि रिकामी होते, त्यामुळे भरती-ओहोटी डोळ्यांनी दिसते. इथे हा फरक बहुधा मीटरभराच्या आतच असतो, आणि काही दिवस तर चोवीस तासांत एकच मोठी भरती येते. म्हणून नवख्या माणसाला पाणी थांबल्यासारखे भासते, प्रत्यक्षात ते वाहत असते, आणि स्नूकचे सगळे वागणे त्या वाहण्यावर ठरते. वेळापत्रकातली भरतीची उंची पाहून मी कधी निघत नाही. पाणी सर्वांत जोरात कोणत्या तासाला वाहील ते पाहतो. त्या दिवशी ओहोटीचा जोर साडेनऊ ते अकराच्या दरम्यान होता, आणि आम्हाला मिळालेले सगळे मासे याच दीड तासातले आहेत.

एका रहिवासी कालव्याच्या तोंडाशी ओळीने नऊ डॉक होते. त्यांतले सात आम्ही गळ न टाकता सोडून दिले. काही नवे कोरे होते, त्यांच्या खांबांवर अजून काही वाढलेले नव्हते. काहींच्या फळ्या पाण्यापासून इतक्या उंच होत्या की खाली दाट सावली पडत नव्हती. काहींच्या खाली गुडघाभरच पाणी होते. उरलेल्या दोघांपैकी शेवटचा डॉक जुना, लाकडी आणि बुटका होता. त्याचे खांब कालवांच्या शिंपल्यांनी आणि बार्नेकल या चिकटून वाढणाऱ्या, खरखरीत कवचाच्या जिवांनी भरलेले होते, त्याला बांधलेल्या बोटीच्या पंख्याने तळाला खोलगट खड्डा पडला होता, आणि कालव्यातून बाहेर पडणारे पाणी त्याच्या एका कोपऱ्यावर आदळून वळत होते. स्नूक प्रवाहाकडे तोंड करून, सावलीच्या अगदी कडेला उभा राहतो, आणि वाहून येणारी मासळी उजेडातून अंधारात शिरताना तिला गिळतो. म्हणजे अख्ख्या डॉकखाली त्याची उभे राहण्याची जागा दोन-चार हातांचीच असते. ती जागा ओळखता आली तर निम्मे काम झाले असे समजा.

खात्री करून घेण्याची मित्राची एक पद्धत आहे. पोकळ प्लास्टिकच्या बॅटचे टोक कापून त्यात चार-पाच तारल्या भरायच्या, बॅट हलकेच दाबून त्यांना थोडे गुंगवायचे आणि लांबून प्रवाहाच्या वरच्या अंगाला भिरकावायचे. त्या वेडीवाकडी पोहत सावलीच्या कडेशी पोहोचल्या आणि आतून आवाज आला, घट्ट बसलेले बूच बाटलीतून एकदम निघावे तसा. स्नूक तोंड उघडतो तेव्हा आमिषासकट पाणी आत ओढले जाते, त्याचा हा आवाज. एकदा ऐकला की तो दुसऱ्या कोणत्याही माशाच्या आवाजाशी गल्लत होऊ देत नाही. सोळा वर्षांनंतरही तो ऐकल्यावर माझ्या हाताला कंप सुटतो.

पहिला मासा मी गमावला, आणि तो नेमका तुमच्यासारखाच गमावला. आम्ही दोघांनीही आपापले गळ टाकले होते. माझ्या आमिषावर झडप पडली, मी रॉड उचलला, मासा अंगाची कमान करून पाण्याबाहेर आला, आणि मित्र आपला गळ गुंडाळून मोटरकडे वळेपर्यंत तो दुसऱ्या खांबामागे गेलेला होता. दोरी हातात सैल आली. तिचे टोक बोटांत धरून पाहिले तेव्हा शेवटचा हातभर भाग काचपेपरवर घासल्यासारखा खरखरीत झाला होता, आणि त्याच्यापुढे मात्र सरळ, स्वच्छ काप होता. खरखर खांबावरच्या बार्नेकलची होती. काप मात्र बहुधा माशाच्या कल्ल्याच्या झाकणाने दिलेला असावा. जिताड्याप्रमाणेच स्नूकलाही दिसण्याजोगे दात नाहीत, पण ते झाकण सुरीसारखे धारदार असते. (म्हणूनच त्याला खालच्या जबड्यात अंगठा घालून धरावे, कल्ल्यात बोटे कधीही घालू नयेत.)

त्यानंतर आम्ही कामे वाटून घेतली, आणि तेव्हापासून आजतागायत ती वाटणी मोडलेली नाही. एकाच्या हातात रॉड राहील, दुसऱ्याने गळ टाकायचाच नाही. दुसरा माणूस बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, ट्रोलिंग मोटर या छोट्या विजेच्या मोटरपाशी बसेल. बोट डॉकपासून साठेक फूट दूर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि थोडी बाजूला ठेवायची, आणि मोटरचे तोंड आधीच उघड्या पाण्याकडे वळवून ठेवायचे. मासा लागल्याबरोबर रॉडवाल्याने रॉड आडवा आणि खाली ठेवून, ड्रॅग (दोरी ओढली गेल्यावर ती किती सुटेल हे ठरवणारा रिळाचा ब्रेक) जवळजवळ बंद करून नुसते धरून राहायचे. रीळ फिरवण्याच्या भानगडीत पडायचे नाही. त्याच क्षणी दुसऱ्याने मोटर पूर्ण जोराने सुरू करून बोट डॉकपासून दूर न्यायची, म्हणजे मासा बोटीच्या ताकदीने सावलीबाहेर खेचला जातो. पहिली तीन-चार सेकंदेच महत्त्वाची असतात. एकदा तो मोकळ्या पाण्यात आला की ड्रॅग सैल करून त्याला हवे तितके पळू द्यावे.

आम्ही अर्धा तास त्या डॉकला विश्रांती दिली आणि परत आलो. या वेळी तारलीला गळ नाकातून न लावता पोटाखालच्या मागच्या पंखाजवळ लावला. असे केले की दोरीचा ताण जाणवताच ती आपल्यापासून दूर पळते, म्हणजे आपोआप डॉकखाली शिरते. ती सावलीच्या रेषेवर पोहोचली, क्षणभर थबकली, मग घाबरून पृष्ठभागावर उडू लागली, आणि तिच्याखालचे पाणी एकदम फुगून आले. मी फक्त “लागला!” असे ओरडलो. मोटरचा घुमणारा आवाज, दोरीचा तार छेडल्यासारखा सूर, आणि कमरेतून जाणवणारे ते वजन यांत डॉकचा कोपरा हळूहळू मागे सरकताना मी पाहत होतो. मासा दोनदा खांबांकडे वळला आणि दोन्ही वेळा बोटीने त्याला वळवून आणले. उघड्या पाण्यात त्याने चार उड्या मारल्या. प्रत्येक उडीत डोके झटकताना लाल कल्ले उघडे पडत होते आणि ती काळी रेघ उन्हात ओल्या शाईसारखी चमकत होती.

पट्टीवर ठेवून, जबडा मिटून आणि शेपटी चिमटीत धरून मोजला तेव्हा तो ३५ इंच भरला. इथल्या आखाताकडच्या किनाऱ्यावर २८ ते ३३ इंचांमधलाच स्नूक ठेवता येतो, तोही माणशी दिवसाला एकच, त्यामुळे याला सोडणे भाग होते. पण नियम नसता तरीही मी त्याला सोडले असते, कारण एवढ्या आकाराचे मासे बहुतेक माद्या असतात आणि उन्हाळ्यात समुद्राच्या तोंडाशी जाऊन पुढच्या पिढीची अंडी त्याच घालतात. मित्राने तिला पोटाखाली हात देऊन प्रवाहाकडे तोंड करून धरले, तोवर मी आजूबाजूला डॉल्फिन नाहीत ना ते पाहत होतो. नुकताच सोडलेला थकलेला मासा ते लगेच उचलतात. अर्ध्या मिनिटाने तिने शेपटीचा एक फटकारा दिला, आमच्या दोघांच्या तोंडावर पाणी उडाले, आणि ती गेली.

मग जागा बदलून मी मोटरवर बसलो आणि मित्राने तासाभरात तीन स्नूक काढले, त्यांतला ३० इंचांचा एक आम्ही ठेवला. स्वयंपाकाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो: कातडे पूर्ण काढून टाका, नाहीतर माशाला साबणासारखी चव येते आणि त्यामुळेच जुने लोक याला ‘साबणमासा’ म्हणत. कातडे काढल्यावर मांस पांढरे, घट्ट आणि गोडसर असते. आमसूल आणि लसूण घातलेल्या पातळ कालवणात ते जिताड्याच्या तोडीचे लागते. बाजारात मात्र हा मासा तुम्हाला मिळणार नाही, कारण फ्लोरिडात त्याची विक्री १९५७ पासून बंद आहे.

सामानाबद्दल थोडक्यात. सात फुटी मध्यम-भारी रॉड, ३० पौंड ताण सोसणारी ब्रेडेड लाईन (विणलेली दोरी), तिच्यापुढे दोन-अडीच हात ४० पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर (गळाजवळचा दोरीचा तुकडा) आणि एकच सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) एवढे पुरते. जिवंत किंवा मेलेल्या नैसर्गिक आमिषावर अनेक टोकांचे गळ स्नूकसाठी चालत नाहीत. प्रत्येक माशानंतर लीडरवरून बोट फिरवा आणि जराही खरखर लागली तर तेवढा भाग कापून नव्याने बांधा. खाऱ्या पाण्याच्या परवान्याखेरीज स्नूकचे वेगळे परमिट लागते, ते काढलेले नसेल तर आधी काढा, आणि निघण्यापूर्वी राज्याच्या वन्यजीव आयोगाचे चालू नियम पाहून घ्या.

डॉक लोकांचे खाजगी असतात, पाणी मात्र सर्वांचे असते. डॉकला बांधलेल्या बोटीच्या दोरखंडात गळ अडकला तर झटके देऊ नका. जवळ जाऊन हाताने सोडवा. डॉकवर माणसे बसलेली असतील तर तो सोडून पुढे जा. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन वादळाच्या लाटेने या भागातले कितीतरी डॉक उखडले. अनेक ठिकाणी फळ्या वाहून जाऊन नुसते खांब उरले होते, आणि आमच्या त्या जुन्या डॉकचीही तीच गत झाली. मी पुढच्या महिन्यांत तिथे अनेकदा गेलो. खांब होते, शिंपले होते, खड्डा होता, पण सावली नव्हती, आणि मला तिथे एकही स्नूक लागला नाही.

टॅम्पाकडे शरद ऋतूतला मोसम ३० नोव्हेंबरला संपतो, तरी पुढच्या शनिवारी मासेमारी न करता आधी सराव करावा असे मी सुचवतो. मोकळ्या पाण्यात, जिथे कोणाचा डॉक नाही, तिथे दोरीच्या टोकाला पाण्याने अर्धी भरलेली बादली बांधा, तुमच्या सहकाऱ्याला नाळेवर मोटरपाशी बसवा, आणि तुम्ही “लागला” म्हटल्यापासून बादली वीस फूट सरकेपर्यंत किती सेकंद जातात ते घड्याळावर मोजा. आम्हाला पहिल्यांदा नऊ लागली होती. ती चारवर आल्यावरच आम्ही त्या डॉककडे परत गेलो होतो. मघाशी सांगितलेला विश्रांतीचा अर्धा तास असा गेला.