वर्ग गप्प बसला की माझा धीर सुटतो, स्टँडअप करून बघू का?

प्रश्न: मी नाशिकला आठवी-नववीला विज्ञान शिकवते. प्रश्न विचारला आणि कोणीच बोललं नाही की मला राहवत नाही, मीच उत्तर सांगून मोकळी होते. भाचा ओपन माइकला जातो, म्हणजे कोणीही स्टेजवर येऊन स्टँडअप कॉमेडी करून बघू शकतं असा कार्यक्रम, तो म्हणतो मावशी तूपण एकदा स्टेजवर ये, भीती जाईल. शिक्षिकेने असलं करावं का?

उत्तर: ताई, करा, नक्की करा. पण भीती जाईल म्हणून नको, कारण ती जात नाही, मुरलेले कॉमेडियनसुद्धा नाव पुकारायच्या आधी घाबरलेले असतात. नवख्याला साधारण चार-पाच मिनिटं मिळतात, त्यात तुम्ही पंचलाइन टाकता, समोर कोणी हसत नाही आणि तरी माइक धरून तिथंच उभं राहून पुढचं बोलावं लागतं. वर्गात आपल्याला पळवाटा असतात ना, उत्तर सांगून टाकायचं, फळ्याकडे वळायचं, "कळलं ना?" विचारायचं आणि पुढे जायचं. स्टेजवर यातलं काही नाही.

आणि तुमचा प्रश्न नेमका तिथलाच आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते! तेच तीन सेकंद थांबायला लागले तर मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही वाटत, पण चाळीस-पन्नास मुलं तुमच्याकडे बघतायत तेव्हा ते फार लांब वाटतात, आणि तेवढं थांबायलाच मला वाटतं शिक्षकाला सगळ्यात जास्त हिंमत लागते.

अजून एक, मुलं आदराने मान डोलावतात, प्रेक्षक खोटं हसत नाहीत. न चाललेला जोक कॉमेडियन घरी जाऊन पुन्हा लिहितो, आपण मात्र न पोचलेला धडा तसाच पुढच्या वर्षी शिकवतो, हे मला खरंच टोचतं.

शिक्षिकेने करावं का म्हणाल तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २००९ला ब्राइट क्लब सुरू झाला, तिथं संशोधक स्वतःच्या विषयावर स्टँडअप करायला लागले. रोमेश रंगनाथन हा नावाजलेला ब्रिटिश कॉमेडियन आधी गणिताचा शिक्षक होता.

फक्त विद्यार्थ्यांवर जोक नको, नाव न घेता पण नको, गावात ओळखू येतं. आणि व्हिडिओ काढू नका असं होस्टला आधीच सांगून ठेवा.