कढीपत्त्यावरच्या अळ्या मारू नकोस

अगं, कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली म्हणून लगेच औषध फवारू नकोस. आधी पानं वरून-खालून नीट बघ. पक्ष्याच्या शिटेसारखं काळं-पांढरं काही चिकटलेलं असेल, तर ती बहुतेक लिंबाच्या फुलपाखराची अळी. पुढे ती हिरवीगार होते. हलकेच बोट लावलंस तर डोक्यामागून लालसर नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. पहिल्या वर्षी मी घाबरून सगळ्या अळ्या झाडून टाकल्या होत्या, आजही वाईट वाटतं. रोप मोठं असेल तर दोन-चार फांद्या खाऊ दे तिला, पुन्हा फुटतात. लहान असेल तर अळी लिंबाच्या झाडावर सोड. आणि हो, पाणी रोज नको. बोटभर खोल माती कोरडी लागली तरच घाल.