वाचकांचे प्रश्न: सांगाडा सुटा करायच्या आधी

प्रश्न: नमस्कार. आम्ही मिशिगनला जुनं घर घेतलं, आधीचे मालक गॅरेजमध्ये एक होमलाइट एक्सएल-१२ चेनसॉ सोडून गेलेत. दोरी ओढली जाते पण सुरू होत नाही. पूर्ण खोलून, रंग काढून नवीन करावी म्हणतोय. मागे वाळलेलं ॲशचं झाड आडवं पडलंय, ते कापायचंय. असलं काम पहिल्यांदाच करतोय, सुरुवात कुठून करू?

उत्तर: रंगाचं आत्ता डोक्यातून काढून टाका आणि पूर्ण खोलायचंही. पहिल्या मशीनला हेच होतं बघा, उत्साहात सगळे स्क्रू काढून डब्यात टाकायचे आणि मग कुठला कुठे ते कळत नाही आणि मूळ बिघाड काय होता तेही कळत नाही. तुमचं मॉडेल १९६०च्या दशकातलं, ५४ सीसीचं, मॅग्नेशियमच्या बॉडीचं, साधं आणि मजबूत, त्यामुळे चालू व्हायची आशा बरीच आहे. रंग चांगला नसला तरी ती कापते, पिस्टन चांगला नसला तर नाही.

म्हणून आधी मफलर (धूर बाहेर जातो तो डबा) काढा, दोन बोल्टचं काम आहे. एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून दोरी हळू ओढत पिस्टनची बाजू बघा. गुळगुळीत, फारतर बारीक खुणा असतील तर पुढे जा. उभे खोल ओरखडे दिसले, रिंग चिकटलेली दिसली, तर कधीतरी ऑइल कमी पडलंय किंवा कुठून तरी हवा ओढून मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) झालंय, आणि ते कारण न शोधता नवा पिस्टन टाकलात तर तोही जाणार. सिलेंडरला चिकटलेलं ॲल्युमिनियम काढायला लोक म्युरिॲटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) ॲसिड सांगतात, पण या सिलेंडरला आतून क्रोम आहे आणि ते ॲसिड क्रोमही खातं, तेव्हा बारीक पॉलिश पेपरने हळूहळूच.

पिस्टन ठीक असेल तर स्पार्क. प्लग काढून बॉडीला टेकवा, दोरी ओढा, अंधारात बघा. नसेल तर फ्लायव्हील (दोरीने फिरतं ते जड चाक) काढून पॉइंट्सपर्यंत, म्हणजे स्पार्कसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांपर्यंत, जावं लागेल, या काळातल्या मशीनला इलेक्ट्रॉनिक इग्निशन नाही. वर्षानुवर्षं पडून पॉइंट्सवर ऑक्साइड चढतो, बारीक पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा काम होतं, गॅप ०.०१५ इंच. फ्लायव्हीलचा नट सोडताना इंजिन फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून जाड सुती दोरी आत सोडा, स्क्रूड्रायव्हर अडकवून पिस्टन फोडू नका. फ्लायव्हीलला पुलर लावा, हातोडा नको. क्लच काढायची वेळ आलीच तर ध्यानात ठेवा, चेनसॉचे क्लच बहुतेक उलट्या आट्यांचे असतात.

मग उरलं इंधन, आणि माझ्या मते तुमचा घोळ इथेच आहे. जुनी फ्युएल लाइन एकतर लाकडासारखी कडक होते नाहीतर चिकट, ती बदलाच. कार्ब्युरेटरवरचा नंबर वाचून त्याचाच डायफ्राम-गॅसकेट किट (आतले लवचिक पडदे आणि जोडावरच्या पट्ट्या) घ्या, खोलताना प्रत्येक थराचा फोटो काढा. जुना डायफ्राम बोटाने दाबून बघा, पापडासारखा कडक झाला असेल तर कारण सापडलं. नंतर सुरू झाली आणि आयडल (ट्रिगर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) अचानक चढायला लागला, कार्ब्युरेटरच्या स्क्रूलाही दाद देत नसेल, तर क्रँक सील (क्रँकशाफ्टभोवतीची हवाबंद रबरी कडी) गेलेत असं धरा, लगेच बंद करा.

ऑइलचं: त्या काळी एसएई ३० (साधं इंजिन ऑइल) टाकून १६:१ (पेट्रोल १६ भाग, ऑइल १) करायचे, आताचं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर ३२:१ बरं, म्हणजे गॅलनला ४ औंस. गॅस (पेट्रोल) एथेनॉल नसलेलाच घ्या.

आणि झाडाचं. मिशिगनमध्ये २००२ला सापडलेल्या एमरल्ड ॲश बोरर या किड्याने मारलेले ॲश असतील तर ते फार ठिसूळ असतात, फांदी सांगून तुटत नाही. तुमच्या मशीनला चेन ब्रेक (झटका बसला की चेन थांबवणारा) नाही, व्हायब्रेशन अडवणारे रबरही नाहीत, त्यामुळे पडलेल्या ओंडक्याचे तुकडे करा, उभ्या झाडाला हात लावू नका. चेन लो-किकबॅक (मशीन उलटी उसळणं कमी करणारी) घ्या, पायावर चॅप्स (चेनपासून पाय वाचवणारं जाड आवरण) चढवा. चेनला ऑइल देणारा ऑइलर हाताने दाबायचाय, कापताना अंगठा चालू राहू द्या नाहीतर बार (चेन फिरते ती पट्टी) तापून निळा पडेल.