कंपनीत चेअरमन, एमडी आणि सीईओ यांच्यात फरक काय? शेवटचा शब्द कोणाचा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत, म्हणजे जिचे सभासद शेतकरीच असतात अशा कंपनीत, मी तीन वर्षं सीईओ होतो, महिना 25,000 पगारावर. म्हणून हा प्रश्न वाचून पुढे जाता आलं नाही.

चेअरमन, म्हणजे अध्यक्ष, संचालक मंडळाची सभा चालवतो. एमडी, म्हणजे व्यवस्थापकीय संचालक, स्वतः संचालक असतो आणि कारभाराचे मोठे अधिकार त्याच्याकडे असतात. सीईओला, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला, मंडळ नेमतं, रोजचं काम तो बघतो. पुष्कळ ठिकाणी एमडी आणि सीईओ एकच माणूस असतो. कागदावर एवढंच आहे.

आता काट्यावरचं सांगतो. ऑक्टोबर होता, परतीच्या पावसानं सोयाबीन भिजलेलं. अध्यक्षांच्या भावाची 60 पोती आली. मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले तर ओलावा 16 टक्के, आणि आमचं ठरलं होतं 12. दाणा दाताखाली धरला तर कटकन फुटायच्या ऐवजी चपटा झाला. आदल्याच दिवशी एका म्हाताऱ्या सभासदाची सात पोती 14 भरली म्हणून मी परत पाठवली होती. बिचारा काही न बोलता बंडी वळवून गेला. मग हा माल कसा घेणार? मी नाही म्हटलं. अध्यक्ष आले आणि हमालांसमोर म्हणाले, "बाबू, तू पगारी मानूस. कंपनी आमची हाये. काटा कर." हमालांनी खाली मान घालून पोती चढवली. पुढे माल घेणाऱ्या प्लांटवाल्यानं अख्ख्या ट्रकचा दर कापला, भुर्दंड सगळ्या सभासदांना बसला आणि सभेत खुलासा मागितला माझ्याकडे.

अध्यक्ष तेव्हाही चूक होते, आजही चूक आहेत. कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी सक्तीचा आहे, आणि तो सभासदांबाहेरचाच लागतो. माझ्या मते ते याचसाठी, की ज्याचा माल काट्यावर येतो त्याच्या हातात काटा राहू नये. शिवाय तो पदसिद्ध संचालक असतो, नुसता पगारी माणूस नव्हे. आणि "कंपनी आमची" म्हणणाऱ्या अध्यक्षाकडे कितीही शेअर असले तरी सर्वसाधारण सभेत सभासद म्हणून त्याचं मत एकच, त्या सात पोतीवाल्याइतकंच.

तुम्ही असं पद घेत असाल तर आधी मंडळाचा ठराव लिहून घ्या: माल कोण नाकारणार, चेकवर सह्या कोणाच्या, माणसं कोण ठेवणार. माझ्याकडे नियुक्तिपत्र होतं, असा ठराव नव्हता. तिथेच मी फसलो.

हे सगळं उत्पादक कंपनीचं झालं. साध्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये सीईओ नेमायची सक्तीच नाही, बहुतेक वेळा मालकच एमडी असतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला मात्र एमडी किंवा सीईओसारख्या प्रमुखाशिवाय सीएफओ (पैशाचा कारभार बघणारा) आणि कंपनी सेक्रेटरी (कायदेशीर पूर्तता बघणारा) हेही ठेवावे लागतात. आणि मंडळाला सीईओला काढता येतं, हेही खरं. मला काढलं नाही, मार्चअखेर हिशेब देऊन मीच सोडलं. त्या सभेच्या इतिवृत्तात ओल्या मालापुढे "सीईओचा निष्काळजीपणा" असं लिहिलंय. त्यावर मी सही केलेली नाही.