रत्नागिरीत घर आहे, वायरलेस आणि सिग्नल सिक्युरिटी शिकायची आहे, तर हॅकआरएफ (संगणकाला जोडायचं रेडिओ यंत्र) घेऊ का?

आत्ता नको. हॅकआरएफ सिग्नल सोडतंही, आणि परवान्याशिवाय सिग्नल सोडणं हा गुन्हा आहे. सोडायची हौस असेल तर आधी हॅम, म्हणजे हौशी रेडिओ परवान्याची, परीक्षा द्या. तुमच्या दारात समुद्र आहे, तेव्हा आरटीएल-एसडीआर डोंगल (फक्त ऐकणारा यूएसबी रिसीव्हर) घ्या आणि जहाजांचं एआयएस ऐका, म्हणजे जहाजं आपली ओळख आणि जागा सांगत पाठवतात ते रेडिओ मेसेज.

एआयएस दोन चॅनेलवर चालतं : १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ. रिसीव्हर १६२.००० वर लावला की दोन्ही एकदम मिळतात. डोंगल टीसीएक्सओवालं (तापमानाने फारसं न ढळणाऱ्या घड्याळाचं), १ पीपीएमचंच (दहा लाखांत एक भाग चुकणारं) घ्या. स्वस्तातलं ५० पीपीएमने चुकलं तर इथे ८ किलोहर्ट्झ सरकतं. चॅनेलच २५ किलोहर्ट्झचं, मग वॉटरफॉलवर (सिग्नलच्या सरकत्या चित्रावर) ठिपके दिसतात पण मेसेज एकही उलगडत नाही, आणि माणूस अँटेनाला दोष देत बसतो.

अँटेना म्हणजे ४४-४४ सेंटीमीटरच्या दोन दांड्यांचा डायपोल, उभाच लावायचा. गच्ची ९ मीटर आणि जहाजाची अँटेना २५ मीटर उंच धरली तर ३३ किलोमीटरपर्यंत ऐकू येईल. १०० मीटर उंच सड्यावरून साधारण ६२. खाऱ्या वाऱ्याने कनेक्टर हिरवा पडतो, म्हणून सांध्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप गुंडाळा. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) ऑटोवर ठेवू नका. हाताने वाढवत जा, आणि गेनबरोबर नुसता नॉइजच वर यायला लागला की एक पायरी मागे या. जवळच्या एफएम टॉवरने रिसीव्हर दबत असेल तर एफएमचे सिग्नल अडवणारा बँडस्टॉप फिल्टर लावा.

विंडोजवर झॅडिग या प्रोग्रॅमने डोंगलचा ड्रायव्हर बदला, मेसेज उलगडणारा एआयएस-कॅचर चालवा, नकाशा ओपनसीपीएन या प्रोग्रॅमवर बघा. जयगड बंदरात येणारी जहाजं दिसतील, छोट्या होड्या नाहीत. त्यांच्यावर बहुधा एआयएस नसतं.

खरं शिक्षण यानंतर. सेकंदाला २,८८,००० सँपलने (सिग्नलच्या मोजमापांनी) एक मिनिट रेकॉर्ड करा; फाइल सुमारे ३५ एमबीची होते. एआयएसचा वेग सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे प्रत्येक बिटाला बरोबर ३० सँपल. डीमॉड्युलेट करा (लहरीतून बिट काढा), एनआरझेडआय ही बिट लिहायची पद्धत उलटवा, मेसेजची सुरुवात-शेवट दाखवणारा ०११११११० हा फ्लॅग शोधा, फ्लॅगशी गल्लत होऊ नये म्हणून घुसवलेले स्टफिंगचे बिट काढा, सीआरसी (चूक पकडणारा तपासणी-अंक) तपासा. हे पायथॉनमध्ये स्वतः लिहा, तयार डीकोडर फक्त पडताळणीपुरता.

इथेच सिक्युरिटीचा मुद्दा हाताला लागतो. सीआरसी फक्त खराब झालेले बिट पकडतो. मेसेज कोणी पाठवला हे तो सांगत नाही. सही नाही, एन्क्रिप्शन नाही. ४१९ ने सुरू होणारा एमएमएसआय (ओळख क्रमांक) भारतीय जहाजाचा, पण तो कोणीही लिहू शकतो. म्हणून खोटेपणा ओळखणारा प्रोग्रॅम लिहा : लागोपाठच्या दोन जागांमधलं अंतर आणि वेळ यावरून वेग काढा आणि जहाजाने नॉट्समध्ये सांगितलेल्या वेगाशी ताडून बघा. हातखंब्याला, म्हणजे जमिनीवर, जहाज दिसलं तर उघडच आहे! पण ३०० किलोमीटरवरचं जहाज ऐकू आलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका. उन्हाळ्यात अरबी समुद्रावर हवेच्या थरांत लहरी अडकून तेवढ्या लांब येतात.